बोटभर बॅग

तिपुआनी नदीकाठ,
२ जानेवारी २०१३

चि. सेवेरोस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. ट्रकवाला फेलिक्स पिऊन पडला होता, म्हणून नव्या वर्षाचं पत्र उशिरा.

चोवीस तारखेला आलासितासची, इवल्या वस्तूंची जत्रा. यंदाही माझ्यासाठी खेळण्यातलं खोदाईयंत्र घे, भर दुपारी बाराला यातिरी भगताकडून धूप दाखवून पाठव. आपली इच्छा आपणच विकत घेतली तर फळत नाही, दुसऱ्यानं द्यावी लागते, म्हणून तुला त्रास. सहा वर्षांत सहा खेळणी आली, खरं यंत्र एकही नाही, असं म्हणून दात काढू नकोस. यंदा वाळूत पिवळं चमकतंय. सोन्याशिवाय घरी पाऊल टाकणार नाही, हा आईला दिलेला शब्द पाळायचाय.

तुझा नाचाचा हॉल कसा चाललाय? इथे डासांशिवाय बोलायला कुणी नाही. पत्र मोठं लिही.

तुझा,
फाउस्तिनो

एल आल्तो,
२६ जानेवारी

ती. दादास,

सेवेरोचा साष्टांग नमस्कार. वि. वि. यंत्र घेतलं नाही. रागावू नकोस.

तुला मी जुगारी म्हणायचो, आणि स्वतः आईची जमीन विकून तीनशे माणसांचा हॉल बांधला. हिरवे खांब, आरसे, झुंबर, सगळा थाट. गल्लीत आता असे चार हॉल झालेत. नोव्हेंबरपासून माझ्याकडे एक लग्न नाही. रविवारी मधोमध खुर्ची टाकून बटाटे आणि अंडं खातो. आरशांत चाळीस सेवेरो जेवत असतात, एकही बोलत नाही.

जत्रेत सगळं होतं, इवलीशी घरं, नोटांच्या गड्ड्या, कोंबडे. मग एक बोटभर प्रवासी बॅग दिसली आणि मला काय हवंय ते कळलं. पण ती मी कशी घेऊ? तूच द्यायला हवीस. दादा, तू परत यायला हवायस. जत्रा अजून तीन आठवडे आहे.

वाट बघणारा,
सेवेरो

तिपुआनी,
७ फेब्रुवारी

चि. सेवेरोस आशीर्वाद.

इथे कुठली जत्रा! सार्डिनचा डबा कापून बॅग केली. कडा धारदार आहेत, जपून उघड. सोन्याचं विचारू नकोस.

फाउस्तिनो

एल आल्तो,
१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

बॅग पोचली. बोट कापलंच.

लोक बॅगेत नोटा, कपडे भरून आणतात. आत काय आहे, असं यातिरीनं विचारलं. उघडली तर रिकामी. आधी मी हसलो, मग कळलं. सहा वर्षं तू हेच लपवत होतास ना, वेड्या? मी आत काही घातलं नाही. तशीच धुपावर धरली. तूही तसाच ये. रिकाम्या हॉलवाल्यापुढे रिकाम्या हातांची कसली लाज? आईचं मी बघून घेईन, तिच्या थडग्याशी आपण दोघं जाऊ.

इथली थंडी तू विसरला असशील. फेलिक्सचा ट्रक दर शुक्रवारी येतो. तुझा जुना स्वेटर घेऊन थांब्यावर उभा राहीन.

तुझाच,
सेवेरो