मुखेडचा हरिओम

नांदेड
१४ मे २०२५

प्रिय रवी,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. पाठवणाऱ्याच्या जागी 'सोयाबीन बियाणे, दरपत्रक' एवढंच लिहिलं आहे, म्हणजे पाकीट तूच फोडशील. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू फोन स्पीकरवर ठेवून गिऱ्हाइकाला पिशव्या मोजून देतोस, आणि गेले तीन महिने माझा आवाज आला की "अक्का, दुकानात गर्दी हाय, मागून करतो" म्हणतोस. मागून फोन येत नाही. तेव्हा शटर अर्धं ओढून घे आणि शेवटपर्यंत वाच.

आईचा परवा फोन होता. वर्षाराणीला सातवा लागला, रविवारी डोहाळजेवण ठेवलंय, तू शनिवारीच शिरूरला ये, असं तिनं दोनदा बजावलं. मग म्हणाली, "सराफ्यातून बाळाच्या गळ्यात बांधायच्या लिंगाला चांदीची बारकी डबी घिऊन ये. उदगीरवाले लई जड करून देतात, लेकराची मान दुखंल." मी आणली. अंगठ्याच्या पेराएवढी आहे. आत अजून काही नाही. ती समोर ठेवून हे लिहिते आहे.

तुला विहीर आठवते का? तू सात वर्षांचा होतास, मी बारा. पोहताना तुझ्या गळ्यातलं लिंग पाण्यात गेलं. लिंग गळ्यात नाही तर जेवायचं नाही, हा अप्पांचा नियम. सांगायची भीती, म्हणून तू पोट दुखतं म्हणत दोन दिवस उपाशी राहिलास. तिसऱ्या दिवशी मी ओढ्यातला एक काळा खडा पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि तुझ्या गळ्यात बांधला. तू चार भाकरी खाल्ल्यास. आठ दिवसांनी अंघोळीच्या वेळी अप्पांनी कापड सोडलं. तुला त्यांनी हात लावला नाही. मला मारलं. "गोटा बांधून जेवू घालतीस व्हय गं त्याला?" म्हणाले. मग स्वामींना बोलावून तुला नवं लिंग बांधलं. मला तेव्हा अप्पांचा राग आला होता. माझ्या मते मी तुला उपासातून सोडवलं होतं. मी काय केलं होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

एचआयव्ही. बघ, लिहिला शब्द. सहा वर्षांत आपण दोघांनी तो एकमेकांसमोर उच्चारला नाही. संस्थेच्या कामात मी रोज अनोळखी माणसांना तो समजावून सांगत होते, आणि तुझ्याशी बोलताना 'ते' म्हणत होते. तुला कसं झालं, कुठून झालं, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या कामात विचारत नाहीत. पण कामात नसते तरी विचारलं नसतं. सहा वर्षांपूर्वी नांदेडच्या औषध केंद्रात आपण खिडकीशी उभे होतो. तू माझ्या कानात म्हणालास, "अक्का, गावाकडं कुणाला कळलं तर मी जिता ऱ्हात न्हाई." बाईंनी नाव विचारलं आणि मी म्हणाले, हरिओम रामकिशन, मुक्काम मुखेड. कागदपत्रं मागाहून आणून देते, माझ्या ओळखीचा पेशंट आहे. माझ्या शब्दावर त्यांनी कार्ड दिलं. थोड्या वेळानं आतून "हरिओम" अशी हाक आली आणि तू बसूनच राहिलास. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठलास.

पुढची सहा वर्षं हरिओमच्या गोळ्या मी उचलल्या. मुखेडच्या बाजारात पिशवीत वर मेथी, खाली बाटली. तू मोटारसायकलवर यायचास, मेथीचा भाव करायचास आणि पिशवी घेऊन जायचास. बाटली खुळखुळते आणि घरात आवाज ऐकू येतो, म्हणून आत कापूस ठासायला मी सगळ्याच पेशंटना शिकवलं होतं. तुझ्या बाटलीत तो मी स्वतः घालायची. रोज एक गोळी. दरवर्षीच्या तपासणीत तुझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नव्हता, आणि अशा माणसापासून बायकोला लागण होत नाही, हे मी शेकडो जणांना सांगितलं आहे. तुझ्या लग्नात अक्षता टाकताना मी तेच मनात म्हणत होते. ते खरंच आहे. पण ते वर्षाराणीला माहीत असायला हवं होतं. मला माहीत आहे तेवढं पुरे, असं मी धरून चालले.

जानेवारीच्या शेवटी आमच्या संस्थेच्या ऑफिसात मेल आला. परदेशातून येणारी मदत थांबली, काम आजच्या आज थांबवा, पेशंटना फोनसुद्धा करू नका. माझ्या यादीत एकशे बारा माणसं होती. मागच्या वर्षी तिकडून पाहणीला एक बाई आल्या होत्या. मुखेडच्या स्टँडवर त्यांनी आमच्यासोबत भजी खाल्ली आणि विचारलं, यादीतल्या किती जणांना तुम्ही चेहऱ्यानं ओळखता? मी म्हणाले, सगळ्यांना. त्यांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मेलनंतर चार दिवसांनी एक माणूस येऊन खुर्च्यांवरचे त्या परदेशी मदतीचे स्टिकर खरवडून गेला. तू फोन केलास, "तुमचं बंद झालं म्हणं, मग माझं?" मी तुला सगळं नीट सांगितलं होतं. गोळ्या सरकारच्या आहेत, त्या बंद झालेल्या नाहीत, कपाटं भरलेली आहेत. बंद झालं ते त्या पोचवणारं माणूस. फेब्रुवारीत स्वतः ये आणि बाटली घेऊन जा. तू "हाव" म्हणालास. मार्चमध्ये विचारलं, घेतली का? "घेतली." एप्रिलमध्ये विचारलं. "घेतली म्हणलं की अक्का, लेकरू हाय का मी?"

मागच्या आठवड्यात केंद्रातल्या सत्यमचा फोन आला. आमची यादी आता त्याच्याकडे आहे. म्हणाला, "ताई, तुमच्या यादीतला हरिओम रामकिशन फेब्रुवारीपासून आला न्हाई. मी मुखेडला जाऊन आलो. सगळी गल्ली पालथी घातली, तसलं माणूसच न्हाई तिथं. वारला का काय?" मी त्याला म्हणाले, बघते. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंना भेटले. त्यांना आठवत होतं. फेब्रुवारीत एक जण हरिओमचं कार्ड घेऊन आला होता. आता आधार दाखवल्याशिवाय गोळ्या देत नाहीत. त्यांनी आधार मागितलं, तो "गाडीत राहिलं, आणतो" म्हणून गेला आणि परत आला नाही. म्हणजे तू आला होतास. सकाळची एसटी धरून, दुकान बंद ठेवून, रांगेत उभा राहिलास. तुझ्या खिशातल्या आधारवर रविकिरण शरणप्पा लिहिलं होतं आणि हातातल्या कार्डावर मी दिलेलं नाव. तू निष्काळजी नव्हतास, रवी. तुला माघारी फिरवलं ते मी.

आता जे लिहिते ते दोनदा वाच. आईनं जानेवारीत वर्षाराणीच्या दवाखान्याच्या कागदांचे फोटो मला पाठवले होते, "समदं बरोबर हाय ना?" म्हणून. त्यात एचआयव्हीची तपासणीही होती आणि ती निर्दोष होती. तेव्हा तुझ्या गोळ्या चालू होत्या. आता अडीच महिने बंद आहेत. इतक्या दिवसांत विषाणू परत वाढतो. तुझ्या अंगाला काही जाणवणार नाही, दुकानात पोती उचलता येतील, आणि तरी लागण होऊ शकते. गरोदरपणात आईला नवी लागण झाली तर बाळाला धोका फार मोठा असतो. जानेवारीचा कागद बघून तिची पुन्हा तपासणी कुणी करणार नाही. तिनं मागितली तरच होईल, आणि मागायची कशासाठी हे तिला ठाऊक नाही. सध्या दोघांनी जवळ येऊ नका. तिची तपासणी आता करायची आणि बाळंतपणाआधी पुन्हा एकदा. तिला झालं असलं तरी लगेच औषध सुरू केलं, बाळालाही जन्मल्याबरोबर दिलं, तर बाळ वाचवता येतं. झालं नसलं तर तुझ्या गोळ्या पुन्हा सुरू होऊन रिपोर्ट नीट येईपर्यंत तिला जपायचं. माझ्या यादीतल्या कितीतरी बायकांची लेकरं आज शाळेत जातात, त्यांच्या अंगात काही नाही. हे होतं. पण दिवस मोजके आहेत.

मी काल केंद्रातल्या डॉक्टरांकडे जाऊन तुझं खरं नाव सांगितलं. हे तुला फोन येण्याआधी कळावं, म्हणून हे पत्र. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मंजुश्रीताई, हे मला लिहून द्या." मी लिहून दिलं. तिथं समुपदेशकाची जागा निघाली आहे आणि माझा अर्ज पहिल्या तिघांत होता. आता तो नसेल. ते सोमवारी तुला फोन करतील. आधी तूच वर्षाराणीला सांगावंस, हाच त्यांचा आग्रह राहील. समजावूनही तू सांगितलं नाहीस, तर तिला बोलावून सांगायची मुभा कायद्यानं त्यांना आहे. मला नाही, आणि मी सांगणारही नाही. पण तिनं मला सरळ विचारलं तर यापुढे मी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. पुढच्या तुला बघून, रक्त तपासून. कार्ड रविकिरण शरणप्पा या नावाचं आहे. शनिवारी दुपारच्या एसटीनं मी येते. रविवारी सगळ्या बायकांसोबत मीही वर्षाराणीची ओटी भरेन. तिला सांगायला तुझ्याकडे शनिवारची संध्याकाळ आहे. माझ्या पिशवीत नारळ, खण आणि चांदीची डबी असेल, आणि तुझी बाटली. या वेळी तिच्यात मी कापूस घातलेला नाही.

तुझीच,
मंजुअक्का