तडसासाठी कॅमेरा

६ मे

सबंध संध्याकाळ फोनवर कॅमेरे बघण्यात गेली आणि आता मला सुरुवातीपेक्षा कमी कळतंय! ट्रेल कॅमेरा — म्हणजे झाडाला बांधायचा डबा, प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा. एवढंच हवंय मला. पण एक म्हणतो छत्तीस मेगापिक्सेल, दुसरा म्हणतो अठ्ठेचाळीस, आणि जास्तवाला स्वस्त! असं कसं? ‘ट्रिगर स्पीड’ म्हणजे काय? ‘नो ग्लो’ चांगलं की ‘लो ग्लो’? अभिप्राय वाचले तर एक बाई खुशीत नाचतेय, दुसऱ्याचा कॅमेरा पहिल्याच पावसात मेलाय. दोघांचा कॅमेरा तोच!

लग्नाचा शालू मी याहून लवकर पसंत केला होता.

७ मे

पियुषचा पुण्याहून फोन. धाकटा असून मोठ्यासारखा बोलतो. “ताई, कॅमेरा घेऊन तू काय सिद्ध करणार आहेस? बाबांना भास होतायत. जूनमध्ये येतो, घराला कुलूप लावू, त्यांना इकडे घेऊन येतो.”

बाबा म्हणतात, शहराबाहेर वाडीच्या पुढे आपल्या घरामागच्या नाल्यातून दिवेलागणीला तडस वर येतं आणि टाक्यावर पाणी पितं. तडस! जिथे दिवसभर ट्रकांचे हॉर्न आणि गोदामांची धूळ! शेजारच्या कांताबाई म्हणतात कुत्रं असेल. त्यावर बाबा भडकले. “जिंदगीभर एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या म्या. मले कुत्रं अन् तडस समजत नाही का? मागून बसकं आहे ते, अंगावर पट्टे आहेत!”

मी दोन रविवार जाऊन बसले. काही आलं नाही. बाबा म्हणाले, तुझ्या सेंटच्या वासानं पळालं. इतर दिवशी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलचं काउंटर सोडून मी संध्याकाळी कशी जाणार?

आई गेल्यापासून बाबा एकटे. मागच्या महिन्यात एकाच सकाळी दोनदा दूध आणलं. मला आईच्या नावानं हाक मारली. — पण मीही पोरांची नावं उलटसुलट घेतेच की.

तडस असेल तर बाबा ठीक आहेत. नसेल तर... नको, पुढे लिहवत नाही.

१० मे

आमच्या एक्स-रे विभागातला अपूर्व दर रविवारी जंगलात हिंडतो. डबा खाताना त्याला विचारलं. “मॅडम, मेगापिक्सेल पाहूच नका, ते फुगवलेले राहतात. ट्रिगर पाहा. प्राणी निघून गेल्यावर रिकाम्या झाडाचा फोटो काढन, तं काय कामाचा?”

पटलं. वाटलं, चला, सुटले! तेवढ्यात हा म्हणतो, “पण आपल्या उन्हात स्वस्तातला सेन्सर आंधळा होते. तो अंगाची गरमी ओळखते ना. हवाच अंगाएवढी गरम असन, तर त्याले कसं समजन?”

म्हणजे मे महिन्यात कॅमेऱ्याला तडस दिसणार नाही?

“दिसन. पण गॅरंटी नाही.”

मग फोटो नाही आला तर तडस नव्हतं समजू, की ऊन होतं समजू? डोकं फिरायची वेळ आली.

१३ मे

सीताबर्डीच्या बाजारात गेले. दुकानदार ऐकूनच घेईना. “मॅडम, ये वायफाय वाला लो, घर बैठे देखो.” बाबांकडे वायफाय कुठलं? सिमवाला बघितला, किंमत ऐकून परत ठेवला. शेवटी घरी येऊन ऑनलाइन मागवला — सगळ्यात स्वस्त नाही, चांगलाही नाही, मधला. माझं सगळं आयुष्य मधलंच घेण्यात गेलं!

१८ मे, रविवार

टाक्याजवळच्या कडुनिंबाला बांधला. बाबा लहान मुलासारखे भोवती फिरत होते. “हा बारका डब्बा माह्या बाजूनं साक्ष देईन का वं?”

देईल, म्हणाले मी. देवो. नाही दिली तर पियुषपुढे मी तोंड उघडू शकणार नाही.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. तोंडावर ओढणी बांधूनही गाल भाजले. कार्ड काढून आणलं, घरी येऊन पाहते तर — सगळे फोटो काळे! झाड नाही, टाकं नाही, काळं म्हणजे काळंच. शेकडो!

अपूर्व म्हणतो, लेन्स गेली असन, परत करा. पियुषला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “बघ.” भांडला असता तर बरं झालं असतं.

२८ मे

अर्ध्या दिवसाची रजा टाकली, न सांगता भरदुपारी वाडीला गेले. कॅमेऱ्याला बाबांनी ओला गमछा गुंडाळला होता! समोरून नीट लपेटून, मागे गाठ मारून — स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा.

“अवं, नवतपा आहे! बिचारा दिवसभर उन्हात उभा आहे. आपण तोंडाले बांधतो, मंग त्याले काहून नाही बांधायचं? म्या तं तू डब्बा लावला तवापासूनच रोज भिजवून बांधतो, फक्त रविवारी तू कार्ड काढाले येतं म्हणून सोडला होता.”

इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बाबाही हसले.

येताना बसमध्ये मात्र हसू विझलं. शहाणा माणूस असं करेल? — पण आमच्या हॉस्पिटलमध्ये जनरेटरच्या छपरावर ओली पोती टाकतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही! मग बाबांनी केलं की लगेच लक्षण का? बापाकडे मी पेशंटसारखं बघायला लागलेय. स्वतःचाच राग येतो.

पियुषला गमछ्याचं सांगितलं नाही.

३० मे

“बाबा, फडकं काढलं ना?”

“काढलं. पण त्याले लू लागली तं माह्यावर नको येजो.”

८ जून, रविवार

आलं! आलं! आलं!

कार्ड घरी आणून लावलं आणि किंचाळलेच. टाक्याच्या कडेला वाकून पाणी पितंय. मागून बसकं, मानेवर ताठ केस, अंगावर पट्टे. फोटो काळापांढरा, जरा धूसर, पण तडसच! मागे दारात बाबाही आलेत, बनियनवर, कमरेवर हात ठेवून. दोघं एका फोटोत!

अपूर्वनं फोटो पाहून फोनवरच शिटी मारली. पियुष म्हणाला, “ताई, सॉरी. कुलपाचं राहू दे. मी नुसता भेटायला येतो.”

स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबा ठीक आहेत. माझे बाबा अगदी ठीक आहेत! परवा मोठी प्रिंट काढून नेते.

१० जून

प्रिंट नेली. बाबांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला, तडसाचे पट्टे बोटानं दाखवले. “म्हनलो होतो ना मी!”

मग बोट मागे दाराकडे गेलं.

“पण हा बुढा कोन आहे वं? माह्या दारात काहून उभा आहे?”

पियुषला फोन लावला. त्यानं उचलायच्या आत कापला.