पडद्यावरची दश्शी

निगडी प्राधिकरण,
दि. ५ जानेवारी २०२६

ति. यशवंतमामांस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेनंतर आपला आवाज परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे सिद्धेशदादाने कळवले. आपण फोनवर बोलू शकत नाही आणि मला फोनवर बोलणे जमत नाही. तेव्हा पत्रच दोघांना सोयीचे.

आपला रविवारचा ब्रिजचा वर्ग बंद आहे. आपल्या वर्गातले, मंडळाचे सोपानराव सांगून गेले, की शिकवणारे कोणी नसेल तर फेब्रुवारीपासून सभागृह दुसऱ्यांना द्यावे लागेल. आपण सुचवल्याप्रमाणे पडद्यावर धडे दाखवण्यासाठी दोन सॉफ्टवेअर पाहिली. पहिले देखणे आहे. मी लिहिलेला धडा एक बाई स्वच्छ मराठीत वाचते आणि पाने आपोआप पडत जातात. दुसरे मुके आहे. हिरव्या पटावर चौघांची पाने मांडायची, हवे ते टाकायचे, चुकल्यास मागे घ्यायचे. मला पहिले पसंत आहे. त्यात आपल्याला बोलावे लागणार नाही, आणि मलाही.

प्रकृतीस जपावे, एवढेच मागणे.

आपली भाची,
उत्कर्षा


चाकण,
दि. ९ जानेवारी

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळेत पहिली आलेली मुलगी चहात साखर कमी घाला म्हणायला लाजते, आणि तिने मुक्या मामासाठी बोलकी बाई शोधली. सिद्धेश हसून लोळला. इथे सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात, जणू कानच गेले आहेत. तो वर्गही गेला, तर या घरातून बाहेर पडायला मला काही कारण उरणार नाही.

तेव्हा ठरवण्याआधी ते सॉफ्टवेअर आपल्या मंडळींवर चालवून बघ. सगळी माणसे जेवणाच्या सुट्टीत मेंढीकोट खेळून निवृत्त झालेली. त्या खेळात दश्शी म्हणजे मेंढी, जीव की प्राण. ब्रिजमध्येही ती त्यांच्या हातून सुटत नाही. बदामाचा तो अडकणारा डाव दाखव.

माझी काळजी करू नये, पण पत्र पाठवत जावे.

तुझा मामा,
यशवंत


निगडी प्राधिकरण,
दि. १९ जानेवारी

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

काल वर्ग भरवला. डाव आपला तोच: समोरच्या भिडूच्या उघड्या पानांत एक्का, राजा, राणी, सत्ती, पंजी, आपल्याकडे दश्शी, नव्वी, अठ्ठी, छक्की. वरची पाने आधी टाकून छक्की राखली, तरच समोरची सत्ती-पंजी चालतात, असे बाईंनी समजावले. सर्वांनी माना डोलावल्या. मग टेबलांवर हाच डाव वाटला, आणि प्रत्येकाने दश्शी धरून ठेवली. सोपानराव म्हणाले, की पडद्यावरच्या बाईचं काय जातंय, तिला कुठं टपरीवर तोंड दाखवायचं हाय. आमी न्हाई मेंढी अशी सोडणार. विजयश्रीकाकूंचे म्हणणे पडले, की मामा असते तर पान पडायच्या आत ओरडले असते.

काय करावे सुचेना, म्हणून दुसरे सॉफ्टवेअर उघडले, तोच डाव मांडला आणि माऊस सोपानरावांकडे सरकवला. त्यांनी दश्शी राखली. चौथा हात तिनेच जिंकला आणि समोरची पंजी जागीच अडकली. हात जिंकणाऱ्याने पुढचे पान टाकायचे आणि आपल्याकडचे बदाम संपलेले, त्यामुळे तिच्यापर्यंत जायला वाटच उरली नाही. सोपानरावांनी स्वतःच पाने मागे घेतली. मी काहीही बोलले नव्हते.

म्हणून माझी पसंती बदलते आहे. लिहिताना संकोच वाटतो, परंतु आपण नेहमी वेळेवर ओरडत होतात, त्यामुळे त्यांची दश्शी फसलेली त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. येत्या रविवारी माऊस आपण धरावा.

चुकले असल्यास रागावावे, अबोला मात्र धरू नये.

आपली,
उत्कर्षा


चाकण,
दि. २६ जानेवारी

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टरच्या अंधारात तू शेवटच्या रांगेत बसली होतीस, त्यामुळे पुढचे तुला कितपत दिसले कोण जाणे. सोपानरावांनी चौकटची दश्शी राखली, तेव्हा सवयीने माझे तोंड उघडले. आवाज निघाला नाही, पान पडले, डाव बुडाला. त्यांची चूक विजयश्रीबाईंनी काढली, बाईंची त्यांच्या भिडूने, कुलदीपने, आणि मग सगळा वर्ग एकमेकांना शिकवत भांडत बसला. मी फक्त पाने मागे घेत होतो.

तू गेल्यावर सोपानरावांनी सभागृहाची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, की हॉल कुणाला देत न्हाई, तुमीच या दर रविवारी. पर डॉक्टरनं उद्या आवाज परत दिला तरी घेऊ नका.

आईस नमस्कार सांगावा.

तुझा,
यशवंतमामा