बाईंचा हॉल

बाई, आज आपल्या हॉलला पुन्हा नवं नाव पडलं, आणि माइकवर ते मीच पुकारलं.

आधी बँकेचं होतं, मग सिमेंटवाल्यांचं, मग एका मोबाइल कंपनीचं. ती कंपनी बुडाली तरी तिची पाटी कितीतरी दिवस लटकत होती. आता दूधवाल्यांचं. तुम्ही होता तेव्हा दारावर पाटीच नव्हती. सांगलीतला तो एवढा मोठा पत्र्याचा हॉल, किल्ली तुमच्या कमरेला, आणि पावसाळ्यात गळतं तिथं तुम्ही घरची पातेली आणून मांडायचा. ती चुकवत आम्ही मुली खो-खो खेळतोय. सरावानंतर तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे आणि गूळ. तिथंच सगळ्यांदेखत तुम्ही मला झापलंत, "त्वांडातल्या त्वांडात खो देतीस व्हय गं? बसलेलीला ऐकू न्हाई गेला, तर त्यो दिला म्हनायचा का?" तेव्हा लय राग आला होता. त्याच आवाजावर आज निवेदनाची कामं मिळतात.

हॉलला तुमचं नाव द्या म्हणून आम्ही जुन्या मुली समितीकडे गेलो होतो. ते हसले. "देऊ की ताई. पण पत्रा कोन बदलनार?" दूधवाल्यांनी पत्रा बदललाय, बाई, हे नाकारून कसं चालेल? आता पातेली मांडावी लागत नाहीत. तरीही वाईट वाटायचं ते वाटतंच.

कार्यक्रम संपल्यावर ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करून नवं नाव सांगितलं. "ह्ये कुठं आलं?" मी खुणा सांगायला लागले तसा तो ओरडला, "आवं, बाईंचा हॉल म्हना की!" मी भर रस्त्यात एकटीच हसले. रिक्षात बसल्यावर विचारलं, कोण रे या बाई?

"काय ठाव न्हाई. आमची आई तसंच म्हनती. तुमाला ठाव हाय व्हय?"

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवता आलं असतं, तरी मी पोचवलं नसतं. कारण दूधवाल्यांचं नाव शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं घेऊन आले होते, आणि रिक्षावाल्यानं विचारल्यावर तुमचं? घेतलं, बाई, पण तोंडातल्या तोंडात. रिक्षाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं.