दसऱ्याचा मुहूर्त आणि मिनाजची फाइल

९ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुण्याच्या हेड ऑफिसनं मला डेअरीचा धाराशिव जिल्हा 'इनोव्हेशन प्रमुख' केलंय. चाळीस वर्षांच्या कंपनीत आता स्टार्टअपसारखं काम व्हायचं. कर्मचाऱ्यांनी कल्पना द्यायच्या, मी पोर्टलवर चढवायच्या, निवडलेल्या कल्पनेवर कंपनी पैसा लावणार. संकल्प: झटपट निर्णय. जुनाट विचार बंद.

१२ सप्टेंबर, गुरुवार
पहिली फाइल! जळकोटच्या संकलन केंद्रावरची मिनाज घेऊन आली. लाईट गेली की दुधाची टाकी तापते आणि कुणाला पत्ता नसतो. हिनं जुन्या मोबाइलपासून यंत्र केलंय. लाईट जाताच केंद्रचालकाला फोन लागतो. महिनाभरात एक लिटरही दूध नासलं नाही. निवड झाली तर पोरगी कायम होईल, नाहीतर कंत्राट ३१ ऑक्टोबरला संपतं. मी म्हटलं, झालंच समज.

१८ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०.३०
फाइल चढवायला बसलो. हेडक्लार्क गौरीशंकरमामा म्हणाले, साहेब, पितरं बसली की आजपासून, नवं काम काढू न्हाय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दुसऱ्याच्या नोकरीचा प्रश्न. उगाच विषाची परीक्षा कशाला?
दुपारी 'इनोव्हेशन सेल' अशी पाटी करायला टाकली. पाटीला पितर आड येत नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मिनाजचा फोन. सर, पाठवलं का? हो म्हणालो. अगदीच खोटं नाही, मनानं पाठवलंच आहे.
 

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. आता रस्ता मोकळा. पण नऊ दिवसांवर दसरा असताना साध्या गुरुवारी कशाला? साडेतीन मुहूर्तांतला एक! पोर्टल १० तारखेला बंद होतंय म्हणा. पण मुदत न वाढलेलं पोर्टल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार
मिनाजचे वडील बाबामियाँ पाटीभर सीताफळं घेऊन ऑफिसात. म्हणाले, साहेब, पोरीचं तुमच्यामुळं होतंय बघा, अल्ला तुमचं भलं करो. मी बसल्या बसल्याच हात जोडले.
सीताफळं मामांना देऊन टाकली. घरी नेली असती तर बायकोनं विचारलं असतं, कशाबद्दल.
आत्ताच पाठवून टाकावं असं फार वाटलं. पण इतके दिवस थांबलो, आता चारच राहिलेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मुहूर्तावर बटण दाबलं. 'मुदत संपली आहे.' हार काढून पुन्हा दाबलं. तेच.
मामा आपट्याची पानं घेऊन आले. सोनं घ्या साहेब, म्हणाले. घेतलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पुण्याला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, महिनाभर काय करत होता?
संकल्प: मिनाजला आज खरं सांगायचं.
संध्याकाळी ५. जळकोटला गेलो. ती कामात होती. कामातल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. चहा पिऊन परत.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
पुण्याची मेल. आपल्या जिल्ह्यातून एकही कल्पना आली नाही, कारण कळवा. 'कर्मचाऱ्यांमध्ये उत्साहाचा अभाव' असं कळवलं. लिहिताना स्वतःची लाज वाटली. तरी पाठवलं. हे मात्र लगेच गेलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
दिवाळी, पण दुधाला सुट्टी नसते. मिनाज ओळखपत्र जमा करायला आली. वरून नकार आला, एवढंच मी तिला फोनवर कळवलं होतं. रडेल, भांडेल, असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सर, वरच्यांनीच न्हाय म्हटल्यावर तुमी तरी काय करणार? तुमी लई केलं. फक्त काय कमी पडलं तेवढं सांगा, दुसऱ्या कंपनीत देताना सुधारते.
खरं सांगायला तोंड उघडलं. निघालं ते असं, की खर्च फारच कमी दाखवलाय, असं म्हणत होते.
तिनं पर्समधून वही काढली आणि ते लिहून घेतलं.