एकाच धातूचा

४ जून
वाशिम ते अकोला, अकोला ते वाशिम. आठवड्यातून दोनदा. सुमेधचं डायलिसिस आज चार तास चाललं. त्या यंत्राचा आवाज मला आता पाठ झाला आहे. कुठं अडखळलं की नर्सच्या आधी मी उभा राहतो. पोरगं सव्वीस वर्षांचं. म्हणतो, "बाबा, तुमी बाहीर बसा न. तुमाले पाहून मशीनबी घाबरते." हसवतो अजून. ओठ मात्र राखेसारखे.
डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल, आधी आईबाप तपासू. कुसुमला शुगर, ती बाद. राहिलो मी. रक्तगट एकच. मी लगेच हो म्हणालो. पुढचं डोक्यात आलं ते परतीच्या गाडीत.

७ जून
दुकान उघडलं. आसेगावची एक बाई हंडा मोडीत द्यायला आली. "असली पितळ हाये भाऊ, जावयानं आनला." बोटानं ठोकला. पितळ वाजल्यावर आवाज लांबतो, हा जागीच मेला. म्हटलं, "बाई, जावई असली असंन, हंडा नाही." तीच आधी हसली. मग मी. महिन्यात पहिल्यांदा.
दुपारी पाद्रीबाबा. तीस वर्षांची बैठक आमची. ते ख्रिस्ती, मी बौद्ध, चहाबरोबर देवावरून भांडण ठरलेलं. आज ते आधीच तापलेले. त्यांच्या सभेत नवा प्रचारक आला आहे. तो शिकवतो की येशू भला माणूस होता, देवाला आवडला, म्हणून देवानं त्याला लेक करून घेतला. पाद्रीबाबांनी माझ्या बिलाच्या पाठीवर एक ग्रीक शब्द लिहिला : होमोऊसिओस. सतराशे वर्षांमागं सगळ्या धर्मगुरूंनी जमून, भांडून ठरवलेला म्हणे.
"म्हंजे काय?"
"बाप ज्या द्रव्याचा, लेक त्याच द्रव्याचा. बापासारखा नाही, दादाराव. बाप जे आहे तेच. तुझ्या धंद्यात सांगायचं तर मुलामा नव्हे, भरीव. मांडीवर घेतलेला नव्हे, पोटचा."
मी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली. त्यांनी पाहिलं. काय झालं, म्हणाले. काही नाही म्हटलं.

८ जून
लिहूनच टाकतो. सव्वीस वर्षांत कागदावर आणलं नाही.
सुमेध प्रकाशचा. किन्हीराजा गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा. त्याचा तिसरा मुलगा. आम्हाला अकरा वर्षं काही नव्हतं. बारशाच्या दिवशी प्रकाशनं उचलून कुसुमच्या ओटीत दिला. "वहिनी, याले आता तुमीच पाहा." बोलणं एवढंच झालं. पोराला कधी सांगायचं नाही, हे मी ठरवलं. कागद माझ्या नावाचे करून घेतले.
बारशासाठी पितळेचं फुलपात्र नेलं होतं, नाव माझ्याच हातानं पोगरानं, म्हणजे बारीक छिन्नीनं, टिंब टिंब ठोकलेलं. 'सुमेध प्रकाश'. घरी आणून दुसरा शब्द कानशीनं घासला, पॉलिश मारलं, वर 'दादाराव' ठोकलं. त्यातूनच तो पाणी प्यायला शिकला. ते काम चांगलं जमलं याचा मला अभिमान होता. होता म्हणजे, आहे.
बारशाला घरचेच होतो. आईसकट माहीत असलेले पाच. आई गेली, प्रकाशची बायको सुशीला वारली. उरलो तिघं.

१३ जून
नमुने दिले. सु. म्हणाला, "तुमची किडनी बसली तं मी बी गिऱ्हाइकाशी घासाघीस करीन काय?" नर्स हसली. मी भिंतीकडं पाहिलं.

२० जून
डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. दार स्वतः लावलं, तिथंच समजलो.
"तुमच्या किडनीत खडे आहेत, ती घेता येणार नाही. दुसरं. बापलेकात निम्मं जुळतंच. तुमच्यात तेवढंही नाही."
त्यांनी फाईल मिटली.
"खरा बाप जिवंत असेल तर त्याला आणा. आणि प्रत्यारोपणाच्या समितीपुढं खरं सांगावं लागेल. वेळ थोडा आहे."
बाहेर सु. बाकावर. "काय म्हनते?" खडे आहेत म्हटलं. अर्धं खरं. आयुष्यभर हलका माल गिऱ्हाइकाच्या तोंडावर परत केला, आणि हे...

२२ जून
पाद्रीबाबांकडं गेलो. रविवारी त्यांनी त्या शब्दावर प्रवचन केलं. सभेत अकरा डोकी, बाकीचे नव्या प्रचारकाकडं. खचलेले दिसले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.
"त्या दिवशी मी पोटचा, मांडीवरचा म्हणून गेलो."
"हो."
"तो शब्द एकट्या ख्रिस्तासाठी आहे, दादाराव. दुसऱ्या कोणाला लावायचा नाही. आम्ही बाकीचे सगळे घेतलेलेच. आणि घेतलेल्याचा वाटा कमी, असं कुठंही लिहिलेलं नाही."
म्हटलं, "तुमच्या देवाच्या घरी ठीक हाये. अकोल्यात रक्त पाह्यतात."
त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. खोटं उत्तर काढलं नाही. म्हणून तर तीस वर्षं टिकलं.

२५ जून
किन्हीराजा. नऊ वर्षांनी. आईच्या पुण्यानुमोदनाला मी मागच्या दारी प्रकाशला म्हणालो होतो, "पोरगं तुह्याजवळ राह्यलं असतं तं आज ढोरामागं असतं." त्यानंतर बोलणं बंद. वाक्य माझं, विसरायला मीच तयार होतो.
वांग्याच्या वाफ्यात होता. वर पाहिलं नाही. सगळं ऐकून घेतलं.
"तुह्या हातानं मोठा झाला न? मंग आता मी कायले?"
मी वाकलो. थोरल्यानं धाकट्याचे पाय धरायचे नसतात, आमच्यात कोणी धरले नाहीत. हाताला चिखल लागला तोच तो मागं सरला, "भाऊ, हे काय करून राह्यला! उठ. लोकं पाह्यतीन."
मी उठलो नाही. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आईसारखा, थोडा शिट्टी घालत. सु.चाही तसाच आहे. इतकी वर्षं मी तो ऐकत आलो.
शेवटी म्हणाला, "त्याले माहीत हाये काय?"
"नाही."
"मंग आधी त्याले सांग. चोरावानी नाही देत मी."

२६ जून
सु.च्या छातीत पाणी. दोन दिवस भरती.

२९ जून
घरी आणला. सकाळी कुसुमला स्वयंपाकघरात थांब म्हटलं, ती नाही थांबली, दाराशी उभी राहिली. मी म्हणालो, सुमेध, एक सांगायचं आहे. 
त्यानं उशाचं फुलपात्र उचललं. "बाबा, इथं बोट घाला. आतून."
घातलं. आतल्या बाजूला बारीक उठाव. टिंबांची रांग. पोगर बाहेरून ठोकला की आत टेंगूळ येतं, हे मी दहा शागिर्दांना शिकवलं. 'दादाराव'ची टिंबं ठळक. आणि त्यांच्या खाली, बुजलेली, आणखी एक रांग. बाहेरून घासलं होतं. आतून घासायचं सुचलंच नाही.
"आठवीत होतो. हिवाळ्यात पानी पेता पेता बोटाले लागलं. उलटं वाचाले तुमीच शिकवलं न, शिक्के करताना."
"बोलला काहून नाही?"
"तुमी इतकं मन लावून घासलं होतं."
कुसुम येऊन त्याच्या पायथ्याशी बसली. मी किन्हीराजाला जाऊन आलो ते सगळं सांगितलं, नऊ वर्षांमागच्या त्या वाक्यासकट.
मग तो म्हणाला, "काकाले विचारलं तुमी. मले नाही विचारलं. ज्या मानसाले तुमी ढोरामागचा म्हटलं, त्याच्या अंगातलं मी घेऊ? तो हो म्हनंन. पन मनातून म्हनंन काय?"
म्हटलं, माहीत नाही.
"मंग त्यालेच माह्यासमोर बसवा."

३ जुलै
अकोला. प्रकाश आला. मी बोलावायच्या आतच सु.नं फोन केला होता. धुतलेला सदरा, हातात वांग्यांची पिशवी. दवाखान्यात वांगी! सु. म्हणाला, "काका, भाजून आनायची न." कोणी हसलं नाही, तरी थोडं हलकं झालं.
त्याचा नमुना घेतला. दोघंच आत बसले, मी बाहेर. दार लावलेलं. माझ्या कानांना दार आड येत नाही, पण आज मी उठून जिन्याशी गेलो.
परत आलो तेव्हा सु.चे डोळे मिटलेले. प्रकाशला मी फुलपात्रातून पाणी दिलं. प्यायला. मग पात्र हातातच ठेवलं, अंगठा आत. अंगठा फिरता फिरता एका जागी थांबला. त्याला वाचता येत नाही.
"हे काय हाये भाऊ इथं?"
"तुहं नाव."
तो बराच वेळ अंगठा काढेना.
निकाल सोमवारी. जुळलं तरी सु. हो म्हणेल की नाही, ते त्यानं अजून सांगितलं नाही.