पदराला पदर

माय, मंगळवार, सतरा जून, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ मी घड्याळात पाहून लिहून ठेवली, कारण त्या मिनिटाला भरल्या सभागृहात एका प्राध्यापकानं तुला कसाई म्हटलं. निजामाच्या, इंग्रजांच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. मी सहज गेले होते. एका फोटोत वेड्यांच्या इस्पितळाचं आवार होतं, बायकांची लांब रांग, एकीचा पदर दुसरीच्या पदराला गाठ मारून बांधलेला, आणि रांगेच्या तोंडाशी काठी घेऊन उभी असलेली तू. खाली ओळ होती : जनावरांसारख्या बांधलेल्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची रखवालदारीण. प्राध्यापक म्हणाले, असल्या कसायांच्या हाती ही माणसं होती.

मी उठले. एक्याऐंशीव्या वर्षी उठायला वेळ लागतो, पण तोंड अजून वेळेवर चालतं. म्हटलं, "सर, ती रांग विहिरीवर अंघोळीला निघाली आहे. पहिली गाठ त्या काठीवाल्या बाईच्या स्वतःच्या पदराला आहे. पुढची बाई आड आली म्हणून दिसत नाही."

"मॅडम, काठी तर दिसते ना?"

"दिसते. साठ जणींमागं एकच बाई ठेवलेली पण दिसते. त्याची ओळ कुठं लिहिली आहे तुम्ही?"

लोक हसले. तू असतीस तर तुला आवडलं असतं.

मी ती रांग डोळ्यांनी पाहिली आहे. निजाम गेला होता, पण भिंती त्याच, कोठड्या त्याच. मी सहा-सात वर्षांची. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून तू मला बरोबर न्यायचीस. वीस जणींसाठी बांधलेल्या खोलीत साठ बायका. सगळ्यांना एकदम आडवं होता येत नाही, म्हणून निम्म्या झोपतात, निम्म्या भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट बघतात. फिनेल, लघवी आणि उकडलेल्या कण्या यांचा मिळून एकच वास. सगळ्या काही वेड्या नव्हत्या. एकीला फेफरं यायचं, एक नुसतीच मुकी होती, दोघी तुरुंगात जागा नव्हती म्हणून आलेल्या. विहिरीला कठडा नव्हता. एक बाई आत पडून मेल्यावर तू ही गाठींची रीत काढलीस आणि पहिला पदर स्वतःचा दिलास. रांगेतली एक म्हणायची, "मावशे, तू बी येडीच का गं?" तू म्हणायचीस, "न्हाई तं काय. शहाणी असती तं हितं आली असती का?" अख्खी रांग हलत हलत हसायची.

त्या रांगेत धावडा गावची एक बाळंतीण होती. बाळंतपणानंतर तिची झोप गेली, म्हणून भाऊ तिला सोडून गेला. ज्वारी काढून झाली की नेतो म्हणाला होता. ती रोज गाठ सोडायची आणि फाटकाकडं निघायची. "भाऊ आल्ता," म्हणायची. एका सकाळी तिनं ऐन विहिरीपाशी गाठ सोडली, मागच्या सगळ्या पांगल्या, आणि तू काठी तिच्या मनगटावर मारलीस. जोरात. आवाज अजून माझ्या कानात आहे. दुपारी स्वयंपाकघरात तिचं मनगट सुजलेलं, आणि तू तिला भाकरी कालवून भरवते आहेस. मी विचारलं, "माय, काहून मारलं तिला?" तू घास थांबवला नाहीस. "हिच्यामागं गेले आसते तं तिकडं दुसरी पडली आसती. साठ जणी हायेत, हात दोनच. तू सांग, मंग काय करू?" मी सात वर्षांची होते. हा प्रश्न तू मलाच का विचारलास, याचा थोडा राग आजही आहे.

दर गुरुवारी तिथं औषधं घेऊन मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या. मला त्या बायकांत बसलेली पाहून त्यांनीच शाळेत नेलं. ज्या तोंडानं मी आज प्राध्यापकांना गप्प करते, ते तुझ्या त्या नोकरीतून आलं आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही.

आता राहिलेलं सांगते. प्राध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही उघडली आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, त्या बाई तुमच्या कोण?" मी म्हटलं, "ओळखीच्या होत्या." आणि खाली बसले.

प्रदर्शन शुक्रवारी संध्याकाळी उठतं आहे. फोटोखालची ओळ बदलायला ते तयार आहेत, लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं आहे. गाठीचं लिहिलं, कठड्याचं लिहिलं, साठ जणींचं लिहिलं. मारलंस तेही लिहिलं, कारण ते वगळलं तर बाकीचं खरं कोण मानणार? पण पोटच्या पोरीनं हे चार लोकांसमोर लिहावं की नाही, ते तू सांगायचं आहेस. लेखी सांग. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत उत्तर हवं, तोंडी निरोप चालणार नाही. कागदावर माझी सही झाली आहे. सहीखाली 'मुलगी' हा शब्द लिहायचा अजून राहिला आहे.